बिनकवाडाची खोली

लग्न होऊन मी नागपुरातल्या सक्करदऱ्याच्या त्या घरात आले, तेव्हा सगळ्यात आधी मला खटकलं ते समोरच्या खोलीचं दार. म्हणजे दार नव्हतंच. चौकट होती, उंबरठा होता, बिजागऱ्या उखडल्याच्या खुणा लाकडात दिसत होत्या, पण कवाडं नव्हती. मी नरखेडकडच्या खेड्यातली. आमच्याकडे संत्र्याच्या बागेलासुद्धा काट्यांचं फाटक असतं. इथे भर वस्तीत, रस्त्याने जाणाऱ्याला घरात कोण बसलंय ते दिसावं, असं उघडं घर. आमच्या ह्यांना मी हळूच विचारलं, "कवाड काहून नाई?" ते म्हणाले, "आईले विचार." कठीण प्रश्न आला की आईकडे बोट दाखवायचं, ही त्यांची सवय पुढे जन्मभर टिकली.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणत असे. नव्या सुनेने सासूला असले प्रश्न विचारायचे नसतात, म्हणून ती हकिकत मला मावशीकडून कळली. मावशी आमच्या नात्यातली नव्हती. मागच्या गल्लीत राहायची, विड्या वळायची. छप्पन साली तिच्या अख्ख्या घराने बुद्धाचा धम्म घेतला होता आणि घरातले देव नदीत सोडून दिले होते. यापुढे कुठल्या देवाला हात जोडणार नाही, अशी तिने तेव्हा प्रतिज्ञा केली होती आणि ती पाळत होती. आत्याबाईंना एकेरीत बोलणारी ती एकटीच बाई. सुपात तेंदूची पानं घेऊन आमच्या अंगणात बसायची आणि हात चालू ठेवून बोलायची.

गोष्ट मी यायच्या बरीच आधीची. मे महिन्याची दुपार होती. नागपूरचं ऊन ज्याने पाहिलं नाही त्याला सांगून कळत नाही, आणि ज्याने पाहिलंय त्याला सांगावं लागत नाही. आत्याबाईंच्या घरात तेव्हा देव्हाराही होता आणि कवाडंही होती. नैवेद्याची आरती चालू असताना ओट्यावर एक परका माणूस आला आणि त्याने पाणी मागितलं. आत्याबाईंनी घंटा न थांबवता हाताने खूण केली, थांब. आरती झाली, प्रसाद वाटून झाला, मग त्या पाणी घेऊन बाहेर आल्या. तोवर तो माणूस खाली आडवा झाला होता. मावशी त्याचं डोकं मांडीवर घेऊन आपल्या गडव्यातलं पाणी त्याच्या तोंडात सोडत होती, आणि ते ओठांवरून खाली येत होतं. गडवा म्हणजे आमच्याकडचा पितळी तांब्या. शेजारची चार माणसं उभी होती. मावशीच्या हातचं पाणी हा माणूस पिणार कसा, अशी त्यांची कुजबुज चालू होती, पण पुढे कोणी झालं नव्हतं. तो कोण होता, कुठला होता, ते कधीच कळलं नाही.

"तुही आत्याबाई रडली नाई," मावशी म्हणाली. "दुसऱ्या दिवशी सुताराले बलावलं अन् कवाडं काढून टाकली. देव नणंदेच्या घरी पोचवले. मंग माह्या घरी आली. मले म्हणे, तुहा गडवा मले दे वं."

तो गडवा त्या खोलीत आला आणि त्याच्याभोवती हळूहळू माणसं जमायला लागली. गुरुवारी दुपारी, ऊन असो पाऊस असो. रीत साधी होती. येणाऱ्याला आधी पाणी द्यायचं, बोलणं नंतर. नाव, गाव, जात विचारायची नाही. सगळ्यांनी एकाच गडव्यातून प्यायचं. खोलीत मूर्ती नाही, तसबीर नाही, दिवासुद्धा नाही. माणसं एकमेकांकडे तोंड करून बसायची, जरा वेळ गप्प राहायची, मग ज्याला जे सलत असेल ते तो सांगायचा. कोणी उपदेश करत नसे. आणि कोणालाही दारातून परत पाठवायचं नाही, हा सगळ्यांत मोठा नियम. दारू पिऊन आला, भांडायला आला, तरी नाही.

मला या सगळ्याचा राग होता, खोटं कशाला बोलू. माणसं पाणी पिऊन शांत होऊन जायची, आणि रांजण भरायची मी. नळाला पाणी यायचं पहाटे, तेही करंगळीएवढी धार. शिवाय असल्या उघड्या घरात सुनेने पदर सावरत वावरायचं तरी किती. एकदा एकाने माझी वाळत घातलेली कोरी साडी पळवली, आणि पुढच्या गुरुवारी खोलीत बसून त्या साडीची गोष्ट सांगत ढसाढसा रडला. आत्याबाईंनी त्याच्यापुढे गडवा धरला. साडी काही परत आली नाही.

पण हेही सांगायला हवं. माझं पहिलं मूल पोटातच गेलं तेव्हा माहेरच्यांनी देवाला काय काय नवस बोलले पाहिजेत ते सांगितलं, शेजारणींनी कोणाची नजर लागली असेल ते सांगितलं. मी एका गुरुवारी हात पुसत त्या खोलीत गेले आणि पहिल्यांदाच बसले. मी काय बोलले ते मला आता आठवत नाही. समोर कन्हानकडचा एक खाणकामगार बसला होता, नखांत कोळसा भरलेला. तो माझ्याकडे नुसता बघत ऐकत होता, आणि त्याचे डोळे भरून आले होते. त्या दिवशी मला रडू आलं ते बरं वाटल्याचं होतं. रांजणाबद्दलची माझी कुरकुर त्यानंतर थांबली नाही, पण तिच्यातली धार गेली.

त्याच खाणकामगाराने पुढे कन्हानला एक खोली घेतली, तिची कवाडं काढली आणि आपला गडवा ठेवला. माझ्या माहेरच्या बाजूला दोन गावांत तसंच झालं. लोक आम्हाला गडवेवाले म्हणायला लागले. आत्याबाईंना असा काही पंथ काढायचा नव्हता. कोणी पाया पडायला वाकलं की त्या सरळ उठून मोरीत जायच्या. पण गुरुवारी आमच्या ओट्याखाली चपलांचा ढीग पडायचा, आणि त्यात वहाणा कोणाच्या, बूट कोणाचे, हे वस्तीला दिसत होतं. कुणबी, कोष्टी, बौद्ध, कोणी मुसलमानसुद्धा, सगळे एका गडव्याला तोंड लावतात, हे चवीने सांगितलं जाऊ लागलं.

आमच्या भागातल्या एका देवळाच्या पंचांना ते बघवेना. त्यांनी सरकारात अर्ज केला. देवळं, मठ, मशिदी यांची नोंद ठेवणारं जे सरकारी ऑफिस असतं, त्याला आमच्याकडे सगळे धरमखातं म्हणत. अर्जात म्हटलं होतं की या घरात सार्वजनिक पूजास्थान चालतं, त्याची नोंद नाही, त्यावर कोणाची देखरेख नाही. त्यात खोटं असं काही नव्हतं, हेच वाईट होतं.

आम्हाला हे सगळं मागाहून कळलं. आधी फक्त एक माणूस यायला लागला. पांढरा बुशशर्ट, तेल लावून चापून बसवलेले केस. येऊन भिंतीशी बसायचा. गडवा पुढे आला की हात जोडून पुढच्याकडे सरकवायचा. बोलायचा नाही. आत्याबाईंनी त्याच्याकडे वेगळं असं कधी पाहिलं नाही. मी मात्र पाहत होते. बोलणाऱ्याकडे त्याचं लक्ष नसायचं. तो दारातून येणाऱ्यांकडे बघायचा, मग छताकडे, मग मागच्या खोल्यांच्या पडद्याकडे, जिथे मी उभी असायची. पुढे दूधवाल्याने सांगितलं की तो आमच्याबद्दल विचारत होता, घर कोणाच्या नावावर, मागे कोण राहतं. माझ्या कडेवर तेव्हा पोरगं आलं होतं, चार-पाच महिन्यांचं. मी ते पडद्यामागे न्यायला लागले. कशाची भीती वाटत होती ते मला सांगता आलं नसतं.

मग एके दिवशी तोच माणूस साहेबाला घेऊन आला. साहेब धरमखात्यातले इन्स्पेक्टर होते, वयाने आमच्या ह्यांच्याएवढे, फार सभ्य. चपला बाहेर काढून आत आले. बरोबरच्याने फीत काढून खोली मोजली, लांबी, रुंदी, मग चौकट. मग बाहेरच्या भिंतीवर लाल रंगाने एक आकडा घातला. मी पाणी आणलं तर साहेब म्हणाले, "आत्ताच चहा झालाय." आत्याबाईंना ते हळू आवाजात प्रश्न विचारत होते. दैवत कोणतं? आत्याबाई म्हणाल्या, नाई. गुरू कोण? नाई. धर्म कोणता लिहू? आत्याबाईंनी मावशीकडे पाहिलं. मावशी विडीला दोरा गुंडाळत म्हणाली, "माहा बौद्ध लिहा. तिचा तिले विचारा. अन् पाण्याचा काय लिहाचा ते तुमी ठरवा." साहेब हसले नाहीत, रागावलेही नाहीत. "बाई, तुमच्या विरोधात काही नाही," ते जाताना म्हणाले. "नियम आहे, तेवढंच." भिंतीवरचा लाल आकडा मी संध्याकाळी घासून पाहिला. तो निघाला नाही.

त्याच पंधरवड्यात कन्हानहून बातमी आली. तिथल्या खोलीला सरकारी कुलूप लागलं होतं. खोलीला दारच नव्हतं, म्हणून आधी दार बसवलं आणि मग त्याला कुलूप लावलं. सांगणारा हे हसत सांगायला लागला होता, पण ऐकणारं कोणी हसलं नाही तेव्हा तोही थांबला. गुरुवारी येणारी माणसं कमी झाली. जी आली ती दाराकडे पाठ करून बसेनात.

आमचे हे महापालिकेच्या शाळेत मास्तर. त्यांच्या एका सोबत्याचे मेहुणे वकील होते. महाल भागातून सायकलवर आले, पँटला लावलेला चिमटा काढला आणि माझ्या स्वयंपाकघराच्या दारात पाटावर बसले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि आत्याबाईंना म्हणाले, "हे पाहा बाई, मामला बडा सीधा आहे. घर की देवस्थान, याचा फैसला एकाच सवालावर होते. येणाऱ्याले तुमाले अडवता येते का? येत असंल तं हे तुमचं घर, कोणाचा बाप हात लावू शकत नाई. येत नसंल तं हे सार्वजनिक. मंग सरकार पंच बसवंल, अन् मागच्या दोन खोल्याबी त्याच्यातच गेल्या. तुमी कधी कोणाले वापस पाठवलं काय? एक तं सांगा. एक बस झाला."

आम्ही सगळे आठवायला लागलो. मी, हे, मावशी, आत्याबाई. दारुडा आठवला, त्याला पाणी दिलं होतं. साडीचोर आठवला. एक वेडी बाई यायची, ती खोलीतच घाण करून जायची, तिलाही कधी थांबवलं नव्हतं. इतक्या वर्षांत एकही माणूस दारातून परत गेलेला आम्हाला सापडेना. वकील कपाळाला हात लावून बसले. असलं घर त्यांनी पाहिलं नसावं.

"मंग आता अडवा," ते म्हणाले. "साहेब पुन्हा येऊन राहिले, चौकशीले, गुरुवारीच. त्यांच्या डोळ्यांपुढं एकाले सांगा, आज नाई, परत जा. बस."

मावशीने सूप बाजूला ठेवलं. "मले अडव," ती म्हणाली. "मले सवय हाये. साहेबालेबी खरं वाटंल."

वकील घाईने म्हणाले, "नाई नाई, तुमाले नाई. तुमाले दारात अडवलं तं दुसराच खटला लागंल, अस्पृश्यतेचा!"

मावशीला हसू आवरेना. हसता हसता खोकला लागला, डोळ्यांत पाणी आलं. "ऐकलं का वं? आता मले अडवाचीबी परवानगी नाई!" मीही हसले. आत्याबाई मात्र तिच्याकडे बघत राहिल्या, आणि त्यांचा चेहरा पाहून आम्ही दोघी गप्प झालो.

माणूस मीच सुचवला. माझा मोठा भाऊ, दादा. गावाहून यायचा, आत येऊ का म्हणून विचारायचं, आत्याबाईंनी नाही म्हणायचं, त्याने जायचं. कोपऱ्यावरच्या हॉटेलात चहा पिऊन मागच्या दाराने जेवायला यायचं. यात कोणाचं काय बिघडणार होतं? नरखेडच्या एसटीच्या कंडक्टरच्या हाती मी निरोप धाडला. आत्याबाई तरी तयार होईनात. "त्याले मी थांब म्हणलं होतं," एवढंच त्या म्हणाल्या. तो कोण, हे विचारायची गरज नव्हती.

माझा तोल गेला. पोरगं कडेवर होतं, ते मी त्यांच्यापुढे धरलं. "तो माणूस मेला, त्याले किती वर्सं झाली," मी म्हणाले. "हा जिता हाये. त्याच्यासाठी साऱ्या दुनियेले पाणी पाजता, अन् ह्याले रस्त्यावर काढता काय?" सासूशी असं मी त्याआधी कधी बोलले नव्हते. हे बाहेर निघून गेले. आत्याबाईंनी पोराच्या टाळूवर हात ठेवला. मग म्हणाल्या, "बरं. सांगतो मी, परत जा म्हणून."

त्या आठवड्यात तांदूळ निवडताना त्यांचे ओठ हलताना मी पाहत होते. आज नाई, परत जा. आज नाई, परत जा. मला त्यांची दया येत होती आणि त्या विसरतील अशी धास्तीही वाटत होती. मला घर हवं होतं. भाड्याच्या खोलीत, लोकांच्या नळावर भांडत दिवस काढलेल्या बायका मी पाहिल्या होत्या.

गुरुवार आला. मे महिनाच होता, हवेत जाळ. साहेब चौकटीशी खुर्ची टाकून बसले, शेजारी बुशशर्टवाला, मागे देवळाचे दोन पंच. खोलीत बारा-पंधरा माणसं असतील, तीही जीव मुठीत धरून आल्यासारखी. मावशी कोपऱ्यात होती. वकील ओट्यावर घाम पुसत उभे. मी पडद्याआड, पोराला छातीशी धरून. आणि रस्त्याने दादा येताना दिसला. बसस्टँडपासून तो चालत आला होता. का, तर रिक्षा मिळायला वेळ लागला असता आणि तो उशिरा पोचला असता. मोठा वक्तशीर माणूस. डोक्याला ओला टॉवेल गुंडाळलेला, तोंड लालबुंद. उंबरठ्याशी येऊन तो उभा राहिला, चौकटीला हात टेकला, आणि ठरलेलं सगळं विसरून म्हणाला, "जरा पाणी द्या, बाई."

आत्याबाई उठल्या. दारापर्यंत गेल्या. त्यांचा चेहरा मला बाजूने दिसत होता, ओठ पांढरे पडले होते. "आज नाई," त्या म्हणाल्या, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "परत जा." आणि ते म्हणतानाच त्यांनी हातातला गडवा त्याच्यापुढे धरला. तो त्यांनी कधी उचलला होता हे त्यांनाही कळलं नसावं. शब्द पाठ केल्याप्रमाणे बरोबर निघाले होते, पण हाताला ते कोणी शिकवलं नव्हतं. दादा एकदा त्यांच्या तोंडाकडे बघे, एकदा गडव्याकडे. मग त्याने गडवा घेतला आणि तिथेच उभ्याउभ्या घटाघटा प्यायला. खोलीत कोणीतरी फिस्सकन हसलं. वकिलांनी डोळे मिटून घेतले.

साहेबांनी वहीचं पान उलटलं. मग त्यांनी तो प्रश्न विचारलाच. "बाई, इथे येणाऱ्याला तुम्हाला अडवता येतं का?"

"आलं असतं," आत्याबाई म्हणाल्या, "तं आत्ताच अडवलं असतं, साहेब."

साहेबांनी लिहून घेतलं, आत्याबाईंची सही घेतली. निघताना उंबरठ्यावर थांबले. आवाज खाली आणून, पंचांना ऐकू जाणार नाही असं म्हणाले, "तुम्ही नुसतं 'हो, येतं' म्हणाला असतात, तरी मी 'हो'च लिहून घेतलं असतं." ते मनापासून बोलत होते, आणि म्हणूनच मला त्यांचा फार संताप आला. तो आजही पुरता गेलेला नाही.

हुकूम पावसाळ्यानंतर आला. हे ओट्यावर बसून वाचत होते आणि मी त्यांच्या खांद्यावरून बघत होते. खोली सार्वजनिक. धर्म हिंदू, कारण सुरू करणारी बाई हिंदू. कारभार पंचांकडे, आणि पंच कोण, तर ज्यांनी अर्ज केला होता त्यांच्यातलेच तिघं, कारण अनुभव त्यांना होता. पूजाअर्चा रीतीप्रमाणे चालावी. वकिलांनी धावपळ करून एक गोष्ट मात्र पदरात पाडून घेतली होती. आत्याबाई तिथे सेवेकरी म्हणून राहतील, आणि त्यांची सेवा चालू आहे तोवर कुटुंबाला मागच्या दोन खोल्यांत राहता येईल. सेवा सोडली की खोल्या रिकाम्या. ते वाचून मी देवाचे आभार मानले. त्या घरात देव नव्हता, तरी मानले.

सुतार आला. सागवानी कवाडं बसली, त्यांना पितळी कडी, बाहेरून कुलपाची सोय. गुरुवारी माणसं जमतात म्हणून पंचांनी दत्ताची मूर्ती आणवली, संगमरवरी, सुबक. मोठा मंडप घालून तिची स्थापना झाली. सगळे आत्याबाईंशी अगदी आदराने वागत होते. त्यांना नवं लुगडं दिलं, मूर्तीशेजारी पाट मांडला. मूर्तीपुढे चौरंगावर मावशीचा गडवा ठेवला होता, घासूनपुसून, गळ्याला हळदकुंकू लावून. त्यातलं पाणी भटजी पळीने तळहातावर घालत होते. लोक रांगेने येत होते, नेहमीपेक्षा कितीतरी जास्त. आत्याबाई पाटावर ताठ बसल्या होत्या. बसवलेलं माणूस बसतं तशा.

मावशी तिच्या वेळेला आली. ओट्याखाली चपला काढल्या, पायरी चढली, उंबरठ्याशी आली आणि थांबली. तिने मूर्ती पाहिली. मग गडवा पाहिला. मी मागच्या पडद्याशीच होते. आता आत्याबाई तिला हाक मारतील, असं मला वाटलं. त्यांनी मारली नाही. आत येऊन तिने करावं तरी काय? हात जोडले तर प्रतिज्ञा मोडते, आणि न जोडता दत्तापुढे बसून राहिली तर पंच तिला तिथे बसू देतील तेवढाच वेळ बसायचं.

पंचांतले एक वडीलधारे लगबगीने पुढे झाले. माणूस वाईट नव्हता. "या ना बाई, अशा उभ्या काहून? सरकारी हुकूम आहे, देऊळ सगळ्यांना खुलं. कोणी अडवलं काय तुमाले?"

"नाई जी," मावशी म्हणाली. "कोणीच नाई अडवलं. अडवलं असतं तं भांडली असती. आता कोणासंग भांडू, तेच समजून नाई राहिलं."

ती आत्याबाईंकडे पाहून जराशी हसली आणि वळली. पायरी उतरून चपला शोधायला लागली. त्या गर्दीत तिला त्या लवकर सापडेनात.

आत्याबाई पाटावरून उठल्या. अर्ध्याच उठल्या, एक हात जमिनीला टेकलेला. भटजींची पळी हातातच राहिली, पंच त्यांच्याकडे बघायला लागले. तेवढ्यात माझ्या कडेवरचं पोरगं त्या धुराने आणि घंटेने घाबरून रडायला लागलं. आत्याबाईंनी मान वळवून पडद्याकडे पाहिलं, आधी त्याच्याकडे, मग माझ्याकडे. मी तोंडातून एक शब्द काढला नाही.

बाहेर मावशीला चपला सापडल्या. आत्याबाई परत खाली बसल्या, आणि घर आमचं राहिलं.